व्याजाचं सूत्र एकदाच लिहा

सोसायटीच्या खजिनदारांनो, नवीन तिमाहीची बिलं काढायला बसण्याआधी एवढं वाचा.

थकबाकीवरचं व्याज म्हणजे रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५. एक्सेलमध्ये हे सूत्र पहिल्या फ्लॅटसमोर लिहायचं आणि खाली ओढायचं, ही आपली पद्धत. घोळ तिथेच होतो.

आमच्या सोसायटीत झालेलं सांगतो. दर एच१ या चौकटीत होता. सूत्र खाली ओढलं, तसा एच१चा एच२ झाला, मग एच३. त्या चौकटी रिकाम्या. पहिल्या फ्लॅटचं व्याज बरोबर आलं, बाकी सगळ्यांचं शून्य. शून्य पाहून कोणाला शंका येत नाही, बिलं वाटून झाली. सहा महिन्यांनी चूक सापडली आणि दारोदार जाऊन मागचं व्याज मागावं लागलं. एका आजींनी बिल आणि पावती पुढे धरली. बिलाप्रमाणे त्यांनी सगळं भरलं होतं. काय बोलणार?

म्हणून आधी हे करा. सूत्रात एच१ लिहिल्यावर लगेच कीबोर्डवरचं एफ४ बटण दाबा. $एच$१ असं दिसेल. आता कितीही खाली ओढा, दराची चौकट हलणार नाही. लॅपटॉपवर कधीकधी सोबत एफएन बटणही दाबावं लागतं.

सूत्र लांबलचक असेल, वेगवेगळ्या शीटमध्ये लागत असेल, तर त्याला नावच द्या. गूगल शीट्समध्ये 'डेटा' मेनूत 'नेम्ड फंक्शन्स' आहे. तिथे सूत्र एकदा लिहा. मग त्या फाइलमध्ये कुठेही नाव, आणि कंसात रक्कम, दर, दिवस एवढंच. चूक सापडली तर एकाच जागी दुरुस्त करायची. दुसऱ्या फाइलमध्ये मात्र ते वेगळं आणावं लागतं. एक्सेलमध्ये हेच काम 'लॅम्डा' करतं, पण २०१९ किंवा २०२१ची आवृत्ती असेल तर ते मिळणार नाही. मग डॉलरवर भागवा, काही बिघडत नाही.

एक गोष्ट फार जपा. सर्वसाधारण सभेत दर बदलला, म्हणून जुन्या दरावर नवा दर लिहू नका. मागच्या सगळ्या तिमाहींचं व्याज गुपचूप बदलेल आणि छापलेल्या बिलांशी जुळणार नाही. नव्या दराला नवी चौकट द्या, शेजारी तारीख लिहा.

बिलं छापण्याआधी एक फ्लॅट कॅल्क्युलेटरवर तपासा. १२,००० रुपये, १२ टक्के, ९० दिवस: ३५५ रुपये ७ पैसे यायला हवेत. मग यादीतला अगदी शेवटचा फ्लॅटही तपासा. आमची चूक पहिल्या ओळीत दिसलीच नसती.

आणि पुढच्या कमिटीला फाइल देताना हे सूत्र साध्या मराठीत, शीटच्या माथ्यावर लिहून द्या.