लागणीला पैसा, खोडव्याला कोण?

मागील हिवाळ्यात कारखान्याच्या कामानिमित्त आम्ही चौघे मुंबईस गेलो होतो. तेथून उरणकडे जावयाचे होते, म्हणून शिवडीहून निघणाऱ्या नव्या सागरी सेतूची वाट धरली. हाताशी वेळ होता, तेव्हा आधी शिवडीच्या जेटीवर थोडे टेकलो. ओहोटी लागलेली. चिखलात शेकडो रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते आणि कडेला तिवरांची गर्द झाडी. आमच्यातले एक सभासद म्हणाले, "अहो, हे तर आपल्या उजनीवरचे पाव्हणे!" आपल्या भिगवणच्या पाण्यावर दरसाल उतरतात, तीच ही जात.

पक्ष्यांच्या डोक्यावरून २१.८ किलोमीटर लांबीचा पूल गेला आहे. तो १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. सतरा हजार कोटींवरच्या या कामाला मोठा पैसा जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आला. पुलासाठी तिवरे तोडावी लागली. त्याबदली दुसरीकडे झाडे लावण्याची अट आली, पक्ष्यांसाठी शिवडीच्या अंगाला आवाज अडवणारे पडदे बसले. पूल नको असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आपली साखरही बंदरातूनच परदेशी जाते. पण तेथे उभे राहून मनात आले ते असे की, परदेशचा पैसा झाड तोडायलाही येतो आणि लावायलाही येतो. मग लावलेले झाड जगवायला कुणाचा पैसा येतो?

लावायचा पैसा खरोखरच येतो. हवामान बदलासाठी उभारलेल्या जागतिक हरित निधीने २०१८ साली महाराष्ट्र, आंध्र व ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. तिवरांची वने सावरणे आणि किनाऱ्यावरच्या माणसांना रोजगार देणे असे त्यातील काम. कर्ज फेडावे लागते. अनुदान फेडावे लागत नाही, पण त्याला मुदत असते. मुदत सरली की साहेब गेले, जीप गेली, फलक तेवढा उरला.

ऊसवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. लागणीला सगळे धावतात. बेणे, खत, कर्ज, शेतकी खात्याचा माणूस, सगळे हजर. खोडव्याकडे मात्र कुणी फिरकत नाही आणि निडव्याचे तर नावच नको. वनाचेही तसेच आहे. फोटो लागणीचा निघतो. खरे पीक राखणीत असते.

याचा दाखला आपल्या दारातच आहे. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण खाते निघाले, त्याला अमेरिकेची मदत होती. गावोगावी सुबाभूळ, निलगिरी लागली. आमच्याही गायरानात लागली. दोन उन्हाळ्यांत निम्मी गेली. दोष कुणाचा? आमचाच. गुरे आम्हीच सोडली, सरपण आम्हीच नेले. "सरकारची झाडं, आपलं काय त्यात?" असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता उलटे उदाहरण पाहा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला तिवरांमधून पर्यटकांना होडीने फिरवितात. आंतरराष्ट्रीय मदतीच्या प्रकल्पातून हे काम उभे राहिले. तिवर गेले तर होडी गेली, हे त्या बायांना पक्के ठाऊक आहे. राखणीला वेगळा शिपाई कशाला? राज्य सरकारनेही २०१७ साली कांदळवनाच्या गावांसाठी खेकडे, कालवे यांच्या पालनाची योजना काढली. तीत गटाने खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः घालावयाचा, बाकीचे अनुदान. तो दहावा हिस्सा आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी आधी भाग घेतले, मग कर्ज मिळाले आणि मग धुराडे उभे राहिले. ज्यात स्वतःचा रुपया आहे, त्यावरच माणसाची नजर राहते.

जगालाही हे उशिरा का होईना उमगू लागले आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलने बेलेम येथे नवा जंगल निधी जाहीर केला. मोठी ठेव गुंतवायची आणि तिच्या कमाईतून उभ्या जंगलाला दरसाल हेक्टरी सुमारे ४ डॉलर द्यायचे, अशी त्याची रीत. जंगल तुटले तर पैसे कापायचे. निदान पाचवा हिस्सा तिथल्या आदिवासींना व स्थानिक लोकांना द्यावयाचा. म्हणजे लागणीचा नव्हे, राखणीचा पैसा. ठेव किती जमते ते पुढे दिसेलच, पण दिशा योग्य आहे.

सभासद बंधु-भगिनींनो, हे सर्व आपणास कशासाठी सांगावयाचे? आपला ऊस उजनीच्या पाण्यावर उभा आहे. ते पाणी भीमेचे, आणि भीमा उगवते भीमाशंकरच्या जंगलात. तो डोंगर बोडका झाला तर पावसाबरोबर माती येईल आणि धरणात बसेल. ते जंगल राखणाऱ्या गावांना आपण आजवर काय दिले? एक छदामही नाही. पाणी मात्र हक्काने मागतो.

म्हणून आमची सूचना अशी. कपातीचे नाव काढले की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो; आमच्याही पडतात. तेव्हा सक्ती नको. ज्याची इच्छा असेल त्याने लिहून द्यावे आणि टनामागे एक रुपया राखणीसाठी ठेवावा. पाच लाख टन उसावर पाच लाख रुपये होतात. यातून वरच्या गावांच्या वनसमित्यांना वणव्याच्या दिवसांत राखणदार ठेवता येतील. हिशेब दरवर्षी अहवालात छापावा. पैसा लागणीवर एक पैही जाऊ नये, सारा राखणीवर जावा.

हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावे. बाहेरचा पैसा उद्या आला तर स्वागतच आहे, पण तो येईल तेव्हा आपला रुपया आधी पडलेला असावा.