सगळे पळाले, तो चालत गेला

परवा एका मित्राच्या नव्याकोऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो. बेल्ट लावायला गेलो तर खाचेत आधीच काहीतरी अडकवलेलं. नुसती क्लिप, पट्टा नाहीच! "अरे, तो टूं टूं आवाज डोकं उठवतो म्हणून दोन्हीकडे लावून टाकल्या. इथून इथवर तर जायचंय. मी काय रेसर आहे का?"

रेसर म्हणाला म्हणून जॅकी इक्स आठवला.

हा बेल्जियमचा. जन्म 1945 चा, वडील मोटारींवर लिहिणारे पत्रकार. फॉर्म्युला वनमध्ये आठ शर्यती जिंकला, दोनदा जगज्जेतेपदाच्या चढाओढीत दुसरा आला. पण त्याचं खरं राज्य फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत. तिथे सहा वेळा जिंकला. मला सांगायचंय ते पहिल्या वेळेबद्दल, जून 1969.

तेव्हा तिथे सुरुवातीची एक जुनी पद्धत होती. गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरक्या उभ्या, ड्रायव्हर समोरच्या कडेला. झेंडा पडला की रस्ता ओलांडून पळत सुटायचं, गाडीत उडी मारायची आणि निघायचं. बघणाऱ्यांना याची भारी मजा. गाड्यांत बेल्ट नव्हते तोवर चालून गेलं. बेल्ट आले आणि पंचाईत झाली, कारण ते नीट आवळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शेजारचा पुढे जातो. मग काहीजण तसेच निघायचे, चालवता चालवता लावू म्हणायचे. 1968 साली तर विली मेरेसचं घाईत दारही नीट लागलं नाही. पहिल्याच फेरीत अपघात झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. तरी पद्धत तीच. का? तर परंपरा! (हा शब्द आपल्याला नवा नाही.)

1969 ला झेंडा पडला, सगळे पळाले आणि 24 वर्षांचा इक्स फिरायला निघाल्यासारखा चालत गेला. शेवटची काही पावलं तेवढी त्याला पळावं लागलं, कारण सुटलेली एक गाडी अंगावर येत होती. आत बसला, बेल्ट नीट लावला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला.

त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा हौशी इंग्लिश ड्रायव्हर गेला. नवी, बेफाम वेगाची पोर्शे 917. त्यानं बेल्ट लावलेला नव्हता. गाडी आदळली, तो बाहेर फेकला गेला.

आता यातली गोम बघा. 24 तासांच्या शर्यतीत दहा-वीस सेकंदांनी काय होतंय, असं आपण सहज म्हणू. पण त्या वर्षी शेवटी इक्सची फोर्ड आणि हान्स हेरमानची पोर्शे यांच्यात अशी झुंज लागली की दोघं आलटून पालटून पुढे जात होते. जवळजवळ पाच हजार किलोमीटर पळून इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर जिंकले ते फक्त सव्वाशेएक मीटरनं! म्हणजे ते चालणं त्याला खरंच महागात पडू शकलं असतं. तरी तो चालला. निषेध म्हणतात तो हा. फुकटातला नाही.

पुढच्या वर्षीपासून पळापळ बंद. ड्रायव्हर बेल्ट लावून गाडीतच बसले. मला मात्र खात्रीनं वाटतं, नुसत्या चालण्यानं आयोजक हलले नसते. वुल्फचा जीव गेला तेव्हा हलले. आपल्याकडच्या गतिरोधकांचंही तेच असतं ना, आधी अपघात, मग ठराव!

इक्सला देव करायची गरज नाही. जॅकी स्टुअर्ट शर्यती सुरक्षित करायला भांडत होता तेव्हा इक्स त्याच्या बाजूनं उभा राहिला नाही. 1985 साली बेल्जियममध्येच स्पाच्या शर्यतीत 27 वर्षांचा स्टेफान बेलॉफ त्याला मागे टाकायला गेला, दोन्ही गाड्या धडकल्या आणि बेलॉफ गेला. त्या हंगामानंतर इक्सनं सर्किटवरची शर्यत सोडली. धोका त्याला मान्य होता, मूर्खपणा नव्हता. मला तरी एवढाच फरक दिसतो.

आणि आपण? 2023 साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना आदेश काढावा लागला, की बेल्टचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा विकणं थांबवा. म्हणजे जीव वाचवणारी वस्तू गाडीबरोबरच मिळते आणि ती निकामी करायला आपण वर पैसे मोजतो.

मित्राला मी आणखी एक गोष्ट सांगितली. जिंकल्यावर सोमवारी सकाळी इक्स साध्या रस्त्यानं पॅरिसला निघाला होता. शर्यत नाही, घाई नाही. शार्त्रजवळ एक गाडी आडवी आली आणि त्याची पोर्शे खांबावर जाऊन चेपली. बेल्ट सोडून तो बाहेर आला, खरचटलंही नाही.

मित्र ऐकून हसला. माझ्या बाजूची क्लिप मी काढली. त्याच्या बाजूची अजून तिथेच आहे.