गाडी कुणाच्या नावावर?

मागच्या पावसाळ्यात आमच्या भोसरीच्या गटाच्या बैठकीला एक मैत्रीण उशिरा आली आणि टेकता टेकताच म्हणाली, "आज मला काही विचारू नका, आठ दिवस झाले झोप नाही." आम्हाला वाटलं, घरात पुन्हा काही झालं. तसं काही नव्हतं. ती जुनी मोटार विकत घेत होती.

दोघीतिघींना हसू आलं. बायकांच्या गटात मारहाण, पोटगी, रेशन, कामावरचा त्रास असे विषय निघतात. मोटार म्हणजे चैन, ती कशाला इथे? पण ती बोलत गेली तसं हसू थांबलं. त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूलाच राहिला. त्या चर्चेतून माझं जे मत झालं ते इथे मांडते आहे. गटातल्या सगळ्यांना ते पटलेलं आहे असं नाही.

आधी तिला गाडी का हवी होती ते सांगते. ती मोशीला राहते आणि चाकणला म्हाळुंग्याच्या बाजूला सुट्या भागांच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे, कंत्राटी. दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. कायम कामगारांना कंपनीची बस आहे, कंत्राटी बायकांची बस ठेकेदाराने बंद केली. चार वर्षं तिने स्कूटीवर जा-ये केली. चाकणचा नाशिक रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना कंटेनर, मध्ये खड्डे, पावसात खड्डा कुठला आणि रस्ता कुठला तेही कळत नाही. एकदा पडली, हात मोडला, दीड महिना पगार गेला. तिच्याच पाळीच्या दोघी तिच्या सोसायटीत राहतात. तिघींनी पेट्रोल वाटून घ्यायचं आणि एका जुन्या चारचाकीने जायचं, असा हिशेब होता.

गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीने लगेच आक्षेप घेतला: आपण बससाठी भांडायचं की गाड्या घ्यायच्या? आक्षेप बरोबर आहे. रात्रपाळीच्या बाईला घरापर्यंत सोडणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती त्याच्याकडून करून घ्यायलाच हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत बाईच्या संमतीने रात्रपाळीला परवानगी आहे, आणि तिच्या सुरक्षिततेची व येण्याजाण्याची सोय ही त्यातली अट आहे. कंत्राटी बाईपर्यंत ती अट पोचवण्याचं काम आपलं आहे. ८ मार्च २०१८ ला पीएमपीने बायकांसाठी तेजस्विनी बस सुरू केल्या. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. मेट्रो पिंपरीहून पुण्याकडे जाते, चाकणकडे जात नाही. मग रात्री साडेअकराला म्हाळुंग्याच्या फाट्यावर उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला यातलं काय येतं?

आणि कंपनीची गाडी असली म्हणजे सगळं झालं असंही नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेली बीपीओतली एक तरुण मुलगी कंपनीने लावलेल्या गाडीत बसली आणि घरी परतली नाही. गहुंज्याजवळ तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि तो करणारा त्या गाडीचा चालकच होता. आपल्या भागातल्या आयांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. त्यामुळे किल्ली आपल्याच हातात हवी असं एखादीला वाटलं, तर त्याला चैन म्हणू नये. बससाठी लढाई चालू ठेवू, पण ती जिंकेपर्यंत तिने रोज घरी कसं यायचं?

आता गाडी घेण्याची गोष्ट. बचत गटाचं कर्ज साठ हजार, भिशीचे पन्नास हजार, एक गंठण मोडून ऐंशी हजार, असे एक लाख नव्वद हजार तिने उभे केले. आधी बँकेकडे गेली होती. कंत्राटी कामाची पगारपावती चालेना आणि नवऱ्याची सही मागितली. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त. मग तिने तो नाद सोडला.

पहिल्या एजंटाकडे ती नवऱ्याला घेऊन गेली. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, लायसन हिच्याकडे आहे. तरी एजंट सगळा वेळ त्याच्याशीच बोलत राहिला. "दादा, सिंगल ओनर आहे, लेडीजने वापरलेली आहे, जास्त रगडलेली नाही." हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात फार चालतं. बाईने वापरलेली गाडी चांगली, हे सगळ्यांना मान्य आहे. समोर उभी असलेली बाई गिऱ्हाईक आहे, हे मात्र लक्षात येत नाही. हिने इंजिनाचं विचारलं तर उत्तर दादांना. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, रंग बघून घ्या तुम्ही." त्या वहिनी दिवसभर गेज हातात धरून ब्रेकचे भाग तपासतात, मापात न बसणारा बाजूला काढतात.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हे ऐकून जास्तच राग येतो. बायकांना यंत्रातलं कळत नाही असं म्हणायला इथे जागाच उरलेली नाही. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, तेव्हा सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि इंजिनियर म्हणून त्या टेल्कोत लागल्या. २०१६ मध्ये बजाजची डोमिनार मोटारसायकल आली, ती चाकणच्या कारखान्यात बायकांनी जोडलेली होती. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी नोकरदार बायकांना बसच्या रांगेतून सोडवलं ते १९७२ साली आलेल्या लूनाने, आणि त्यातल्या बऱ्याच जणींची लूना जुनीच घेतलेली असायची. गाड्या बायका बनवतात आणि चालवतात. विकत घ्यायची वेळ आली की मात्र शेजारी पुरुष उभा लागतो.

मग तिला झोप का लागत नव्हती? तिला यंत्राची भीती नव्हती. एक लाख नव्वद हजार एकदाच खर्च होणार होते. चूक झाली तर दुसरी संधी नाही, आणि घरातले जन्मभर ऐकवणार, "तरी आम्ही म्हणत होतो." पुरुषाने फसून जुनी गाडी घेतली तर एजंट लबाड असतो. बाई फसली तर तिलाच अक्कल नसते. तिच्या छातीवर दगड होता तो हा.

त्या एजंटाला तिने पाच हजार इसार दिला. त्याने पावती नवऱ्याच्या नावाने फाडली. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यातल्या एका मैत्रिणीने शहाणपण सांगितलं: गाडी सकाळी थंड असताना बघायला जा, एजंटाने आधीच चालू करून ठेवली असेल तर परत ये. ही गेली. धूर निळा निघाला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. मीटरवर रनिंग अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर होतं, पण क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. मीटर मागे फिरवलेलं असणार. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. पायाखालचा गालिचा उचलला तर पत्र्याला गंज आणि कुबट वास. पवना-मुळेला पूर आला की सांगवी, पिंपळे गुरवकडच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं. त्यात बुडालेल्या गाड्या नंतर पुसून बाजारात येतात. हिने ती गाडी नाकारली. इसार परत मागितला, तर "बघू, दादांना पाठवा."

पुढच्या दोन गाड्या बघताना तिने ओळखीचा मेकॅनिक नेला. हजार रुपये त्याला दिले, गाडी वर उचलून खालून बघितली. सीएनजीची गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली आहे का, आणि सीएनजीची नोंद आरसीवर आहे का, हेही विचारायला ती शिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा भाव करताना हे बोलून दाखवायचं असतं. गटातल्या बाकीच्यांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

शेवटी मोशीच्याच एका निवृत्त शिक्षिकेची अकरा वर्षांची वॅगन आर मिळाली. मधे एजंट नाही. एक लाख पंच्याहत्तर हजारांना ठरली. राहिलेले पैसे टायरना आणि विम्याला. कागद करायची वेळ आली आणि घरात ठरलं, गाडी 'अर्थातच' नवऱ्याच्या नावावर. आमच्या बैठकीला ती उशिरा आली ती नेमकी या दिवशी.

नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. "नाव कुणाचं का असेना, गाडी घरचीच ना?" एवढंच त्याचं म्हणणं. हे वाक्य आपण जमिनीच्या बाबतीत किती वेळा ऐकलं आहे! शेतकरी संघटनेचं आंदोलन याच चाकणच्या कांद्यावरून उभं राहिलं, शरद जोशी इथून जवळ आंबेठाणला राहायचे. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि पुढे बाईच्या नावावर जमीन करून देण्यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. त्यानंतर याच गावांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, मोबदले आले, दारात गाड्या आल्या. सातबारावर बायकांची नावं किती होती, आणि त्या गाड्यांच्या आरसीवर किती आहेत, हे आपापल्या गल्लीत मोजून बघा. घराचं थोडं वेगळं आहे. १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून का होईना तिचं नाव लागतं. गाडीत असं काही वाचत नाही, त्यामुळे तिचं नाव कुणाला आठवत नाही.

सल्ला केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना हे नवीन नाही. बाई घर सोडून येते तेव्हा आपण दागिन्यांची यादी करतो, भांड्यांची करतो. गाडीचं विचारलं तर ती म्हणते, हप्ते मीच भरले, पण ती त्यांच्या नावावर आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळही धरलेला आहे, तिचा हक्क असलेली वस्तू परस्पर विकणं त्यात येतं. पण हप्ते रोख दिलेले, कागद एक नाही, मग हक्क दाखवायचा कशावरून? नवरा वारला तरी तेच. ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं, आणि त्याच दिवसांत दीर गाडी घेऊन जातो. २०२१ पासून आरसीवर वारस म्हणून नाव नोंदवता येतं. निदान तेवढं तरी करून ठेवावं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उत्साहात आपण एखादीला खड्ड्यात घालू. नाव लागलं की जबाबदारीही लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी विकली पण आरटीओच्या नोंदीत नाव जुन्याच मालकाचं राहिलं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून गाडी विकणारीनेही नमुना २९ आणि ३० वर सह्या करून "नंतर बघू" म्हणत सोडून देऊ नये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. जुन्या मालकाचं कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. आणि गाडी बाईच्या नावावर पण किल्ली कायम दिराकडे, असं असेल तर चलनं तिच्या नावाने येतील, समन्सही तिलाच. आमच्या गटातल्या एकीचं नाव नवऱ्याच्या धंद्याच्या टेम्पोवर आहे. तो टेम्पो कुठे जातो हे तिला माहीत नाही. याला मी मालकी म्हणणार नाही. पैसा, नाव आणि किल्ली तिन्ही एकीकडे असतील तरच मी तिला मालकीण म्हणेन.

त्या बैठकीत आम्ही तिला काय करायचं ते सांगितलं नाही. फक्त तिने कुठून किती पैसे आणले ते एका कागदावर लिहून काढलं. साठ, पन्नास, ऐंशी. तो कागद तिने घरी नेला. दोन दिवस अबोला झाला, सासूने जेवण वेगळं घेतलं. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, कर तुझ्या नावावर, पण मला शिकव चालवायला. एमएच १४ चीच गाडी असल्याने दुसऱ्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागला नाही. आरसी घरी आली तेव्हा तिने बैठकीत फिरवली, सगळ्यांनी हातात घेऊन बघितली.

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही तिच्या गाडीचं बॉनेट उघडून बसतो. ऑइलची काडी कशी बघायची, चासी नंबर कुठे असतो, आरसीशी तो कसा ताडायचा, कुणी मेकॅनिक किती घेतो. सात-आठजणी येतात, एक आजीही येतात, त्यांना नातीसाठी स्कूटी बघायची आहे. चाकण, तळेगाव, निगडी भागातल्या गटांनी आपल्याकडचे अनुभव लिहून पाठवले तर उपयोग होईल. कोण फसवतं यापेक्षा कोण नीट वागवतं त्यांची नावं जास्त हवी आहेत.

पहिल्या एजंटाकडचे पाच हजार अजून परत आलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायचा विचार होता, पण पावती नवऱ्याच्या नावावर असल्याने अर्ज त्यानेच करायला हवा असं तिला सांगण्यात आलं. आणि पाच हजारांसाठी कामाचा खाडा करायला तो तयार नाही.