झोपेचंही विचारा, डॉक्टर

प्रति,
मा. अधिष्ठाता,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बारामती



मी पणदऱ्याची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, आता गावातच असते. आमच्याकडं साठी-सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसं रात्र रात्र कूस बदलत काढतात. नीरा डाव्या कालव्याच्या काठानं खाली इंदापूरकडं गेलात तरी घरोघरी हेच ऐकाल. दवाखान्यात मात्र ही माणसं गुडघे सांगतात, शुगर सांगतात. डोळ्याला डोळा लागत नाही हेही डॉक्टरांना सांगायचं असतं, हे त्यांच्या गावीच नाही. कुणी धीर करून सांगितलंच, तर ‘वयाचं आहे, आजी’ एवढ्यावर बोळवण होते.

थोडं वयाचं आहेच. उतारवयात गाढ झोप कमी होते, संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते. पण आठवड्यातल्या तीन-तीन रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल आणि दिवसही त्यापायी वाया जात असेल, तर तो निद्रानाशाचा आजार, असं तुमचंच शास्त्र सांगतं. मग त्यावर उपचारही व्हायला हवेत.

या भागातल्या माणसांची झोप मोडली कशी, तेही तुमच्या कानावर घालते. आज सत्तरीत असलेल्या शेतकऱ्यांनी अंगात बळ होतं तोवर उसाला रात्रीचं पाणी दिलं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की बॅटरी घेऊन उठायचं, मोटर चालू करायची आणि थंडीत, चिखलात दारं धरायची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. तोवर यांची उमर गेली होती. आमच्या शेजारच्या तात्यांनी रान कधीच मुलाच्या हवाली केलंय, मुलगा मोबाईलवरून मोटर चालू करतो. तरी मध्यरात्र झाली की तात्या उठून बसतात, चपला घालतात, गोठ्यापर्यंत जाऊन येतात. त्यानंतर उजाडेपर्यंत झोप नाही. त्यांच्या एकाही केसपेपरवर ही गोष्ट लिहिलेली नाही.

बायकांचं दुखणं आणखी निराळं. दिवस कलल्यावरही चहा होतो, निजायच्या आधी मशेरी लावली जाते. तंबाखूनं झोप उडते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं आणि संडास अंगणापलीकडं. बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी सकाळी घ्यायची ती संध्याकाळी घेतली जाते. कुणाचा घोरताना श्वास अडकतो, कुणाच्या अंगात लोह कमी म्हणून अंथरुणावर पाय वळवळतात. कुणाची मुलं पुण्याला, चाकणला, आणि मालक गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही. प्रत्येकीचं कारण वेगळं, झोपेची गोळी मात्र एकच.

ती गोळी एका आजींनी मला उशाखालच्या पिशवीतून काढून दाखवली. अर्धी मोडून कागदात गुंडाळलेली, पाकिटावरचं नाव फाटून गेलेलं. कधीकाळी कुणीतरी लिहून दिली होती, तेव्हापासून चालूच. “नाही घेतली तर रात्र खायला उठती, बाई,” म्हणाल्या. अल्प्राझोलामसारखी औषधं २०१४ पासून ‘एच-वन’ या कडक यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. तो का आहे, हे आजींना कोण सांगणार? या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, विसर पडतो, पडून खुबा मोडायचं भय वाढतं. आणि एकदम बंद केल्या तरी त्रास होतो, त्या डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

गोळीच्या आधी करायचा उपचार आहे, ‘सीबीटी-आय’, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलून करायचा उपचार. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच असावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. त्याला यंत्र लागत नाही. आमची माणसं झोप येत नाही म्हणून आठलाच अंथरूण धरतात आणि पाचपर्यंत नऊ तास तिथंच तळमळतात. या उपचारात आधी झोपेची रोजची नोंद ठेवतात आणि जेवढी झोप लागते तेवढ्याच बेतानं अंथरुणातला वेळ ठरवून देतात. उठायची वेळ रोज एकच. झोप आली नाही तर पडून राहायचं नाही, उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. दुपारची झोप आवरायची. पण हे सगळं त्या माणसाची तब्येत बघून, चार-सहा आठवडे पाठपुरावा करून करावं लागतं. नेमका तोच वेळ गर्दीच्या ओपीडीत कुणाकडं नसतो.

तुमच्याकडं तो वेळ देणारी माणसं आहेत, म्हणून हे पत्र. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून खेड्यातली कुटुंबं दत्तक घ्यायची, असा आता अभ्यासक्रमच आहे. ही मुलं घरी येऊन वजन घेतात, बीपी मोजतात. त्यांना झोपेची वहीही द्या. म्हाताऱ्यांना लिहिता येत नसेल तर नातवंडं भरतील, त्यांच्याकडून वही लिहून घ्यायचं काम माझ्याकडं. महिन्यातून एक दिवस तुमच्या मानसोपचार विभागाचे डॉक्टर गावाकडच्या आरोग्य केंद्रात बसावेत आणि त्या वह्या वाचून, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या समोर मांडून उपचार ठरवावेत. आशाताई साठीच्या पुढच्यांना तोल जातो का, विसर पडतो का, हे विचारतातच. त्याच दमात झोपेचंही विचारायला त्यांना शिकवा.

मुलांना पाठवाल तेव्हा आणखी एक सांगा. ‘झोप लागते का?’ असं विचारलं तर आमची माणसं ‘लागती की’ म्हणून मोकळी होतात. रात्री कितीदा उठून बसता आणि तेव्हा काय करता, असं विचारायचं, आणि उत्तर पुरं होईपर्यंत तिथून उठायचं नाही.

आपली,
पणदऱ्यातली एक निवृत्त शिक्षिका