संगणक वेगवान झाला, दुकानाचे काम का अडले?

रेणापूरच्या बाजारपेठेत आज अनेक दुकानांत संगणक आहे, निदान मोबाईल तरी आहेच. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्यापासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्यावाचून गत्यंतरही राहिले नाही. तरीही गल्ल्याजवळची उधारीची लाल वही काही हटत नाही. आपले लोक शिकत नाहीत, मागासलेले आहेत, असे यावर लगेच म्हटले जाते. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. दोष प्रोग्राममध्ये आहे.

यंत्राची प्रगती थक्क करणारी झाली, यात वाद नाही. चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे गॉर्डन मूर यांनी 1965 साली सांगितले आणि पुढे कित्येक दशके तसे घडले. प्रोग्रामचे मात्र तसे झाले नाही. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 सालीच बजावले होते, की कोणतीही एक युक्ती दहा वर्षांत हे काम दहापट सोपे करणार नाही. कारण प्रोग्राम लिहिणे हा सोपा भाग. मूळ व्यवहार काय आहे हे नेमके समजून घेणे हा अवघड भाग. पुढे 1995 साली निकलाऊस विर्थ यांनी तक्रार केली, की यंत्र जेवढे वेगवान होते त्याहून जास्त वेगाने प्रोग्राम जड होत चालले आहेत.

ब्रुक्स यांचे म्हणणे आपल्या दुकानात बसून पाहावे. प्रोग्राम विचारतो, उधारी किती दिवसांची? आपली उधारी दिवसांची नसतेच. ती सोयाबीन विकेपर्यंतची, तुरीची पट्टी हातात पडेपर्यंतची असते. पाऊस गेला तर पुढच्या सुगीपर्यंतची. मधे गिऱ्हाईक दोनशे रुपये टेकवून जाते, वर एक पोते पेंड घेऊन जाते. वहीत हे एका ओळीत मावते. प्रोग्रामला चार खिडक्या उघडाव्या लागतात.

तीच गत जकातीची. (नाक्यावरची नव्हे, दीनमधली.) तिचा हिशेब चांद्रवर्षाने होतो आणि ते इंग्रजी वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असते. त्या दिवशी दुकानात असलेला माल, बहुतेक उलेमांच्या मते, बाजारभावाने धरायचा. वसूल होणारी उधारी मिळवायची, आपले देणे वजा करायचे आणि अडीच टक्के काढायचे. हिशेबाचे प्रोग्राम मात्र एप्रिल ते मार्चचे वर्ष धरून मालाची खरेदी किंमत पुढे करतात. मग रमजानमध्ये आपला व्यापारी पुन्हा कागद-पेन घेऊन बसतो.

लिपीचे हाल तर छापखानेवाल्यांना विचारा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी मानक 1991 साली ठरले, युनिकोडचा पहिला भागही त्याच वर्षी आला. पण छपाईच्या फाँटवाल्यांनी आपापल्या खुणा वापरल्या. एका छापखान्यात जुळवलेली मराठी लग्नपत्रिका दुसऱ्याकडे उघडली, की नुसती चिन्हे दिसत. उर्दूसाठी 1994 साली इनपेज आले. नस्तालीक सुरेख छापली जाऊ लागली, कातिबांचे काम गेले. मात्र जुन्या इनपेजमधला मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ नेता येत नसे. हुनर गेला आणि मजकूरही कुलपात अडकला, हा सौदा आम्हाला महागच वाटतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल तसा प्रोग्राम लिहून देते म्हणतात. देतेही. पण सांगणार कोण? सुगीची उधारी कशी चालते हे पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीला ठाऊक नाही, आणि त्यांना ते जाणून घेण्यात नफाही दिसत नाही. ते ठाऊक आहे आपल्या दुकानदाराला. लातूरला संगणक शिकायला जाणारी आपली मुले बहुधा टायपिंग आणि ठरलेला हिशेबी प्रोग्राम शिकून परततात. त्यांनी एक सुगीभर गल्ल्यावर बसावे, वहीतली प्रत्येक ओळ का लिहिली हे मालकाला विचारावे आणि मग प्रोग्राम बनवायला घ्यावा. दुकानदारांनीही नवा प्रोग्राम घेताना विक्रेत्याला आधी एवढेच विचारावे: उद्या तुमचा प्रोग्राम सोडला, तर आमची खाती आम्हाला बाहेर काढून मिळतील का? समोर काढून दाखवल्याखेरीज पैसे मोजू नयेत.