झोपेच्या गोळीआधी दोन प्रश्न

‘माझे मन बिघडले आहे’ असे सांगत रुग्ण आपल्याकडे क्वचितच येतो. झोप लागत नाही, भूक मेली आहे, छातीत धडधडते, डोके रिकामे वाटते, अशा तक्रारी घेऊन तो येतो. आम्लपित्त वा अशक्तपणा असे निदान होते, अविपत्तिकर चूर्ण आणि अश्वगंधारिष्ट दिले जाते, आणि मूळ व्याधी तशीच घरी परतते.

चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेली उन्मादाची पूर्वरूपे या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. शिरःशून्यता, कर्णनाद, अन्नाची अनिच्छा, अरोचक, अविपाक, हृद्ग्रह, अस्थानी उद्वेग. यांतील बहुतेक लक्षणे देहाची आहेत. उन्माद म्हणजे आजचे डिप्रेशन नव्हे, हे मान्य. परंतु मनाचा बिघाड आधी शरीराच्या भाषेत बोलतो, हे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे.

म्हणून झोपेचे औषध देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत, असे आमचे मत आहे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत अजून मन रमते का? आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, आहे का? उत्तर चिंताजनक वाटल्यास तिसरा प्रश्न टाळू नये : जगणे नकोसे वाटते का? असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. विचारणारा भेटल्याने रुग्णास बहुधा हायसेच वाटते.

औषध-विक्रेत्यांशी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. सर्पगंधायुक्त गोळ्या ‘झोपेच्या आयुर्वेदिक गोळ्या, अपाय नाही’ म्हणून चिठ्ठीविना मागितल्या जातात. सर्पगंधेतील रिसर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याच दशकात त्याच्या वापराने काही रुग्णांत खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या. या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले. तथापि खिन्न रुग्णास ते देऊ नये, ही सूचना कायम आहे. मग जो मनुष्य खिन्नतेमुळेच जागा राहतो, त्याच्या हाती ती डबी द्यावी काय? तोच ग्राहक वारंवार झोपेचे औषध मागू लागला, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. एका डबीचा नफा बुडेल, एवढेच.

सौम्य अवस्थेत आपल्या शास्त्राजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. निजण्या-उठण्याच्या ठरावीक वेळा, अभ्यंग, व्यायाम, मद्यवर्जन, आणि सूत्रस्थानात त्रिविध औषधांत गणलेला सत्त्वावजय. सत्त्वावजयासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तीच वस्तू आपल्या चिकित्सालयात सर्वांत महाग झाली आहे! परंतु आत्महत्येचे विचार, भास, कित्येक रात्री झोपेविना अतिउत्साह, यांपैकी काही दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यास एक दिवसही लावू नये. ‘येरवडा’, ‘ठाणे’ ही नावे आपल्या समाजात शिवीसारखी वापरली जातात; त्यामुळे घरचे लोक कचरतात आणि लग्न लावून देण्याचा किंवा बाहेरची बाधा उतरविण्याचा मार्ग धरतात. त्यांना समजावणे कुटुंबवैद्यास जितके साधते, तितके इतरांस साधत नाही. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू आहे, हा क्रमांक औषधाच्या पाकिटावर लिहून देता येतो.

रुग्ण तज्ज्ञांकडे गेल्यावरही आपल्याकडे येतच राहील. त्या वेळी त्याची चालू औषधे आपल्या शब्दावर अचानक बंद होऊ नयेत, आणि आपण काय देत आहोत हे त्या तज्ज्ञांस दोन ओळींच्या चिठ्ठीने कळवावे.