जुन्या कचेऱ्या आणि चुन्याचे कसब

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक घराणे सावकारांचे, पेशव्यांचे सोयरे. मोरोपंत कवींना (१७२९-१७९४) आश्रय दिला तो याच नाईकांनी. इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. पुढे या दोन्ही जागी सरकारी कचेऱ्या बसल्या, त्यामुळे आमच्या पिढीला तिथला इतिहास कमी आणि तारीख, नक्कल, स्टँप, अर्जनवीस हेच जास्त ठाऊक. तारखेला आलेला खेडूत, निकाल काहीही लागो, परतताना पोरीसाठी परकराचे कापड नेत असे. कचेऱ्या नव्या इमारतींत गेल्या, तशी ती गिऱ्हाइकीही गेली. असो.

आता अशा वास्तूंच्या दुरुस्तीवर सरकारी पैसा खर्च होतो. तो कसा होतो, हे आमच्या गवंडी, पाथरवट, सुतार बंधूंनी पाहिले पाहिजे.

जुनी भिंत दगड, वीट आणि चुन्याची. जमिनीतली ओल तिच्यात चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून सुकून जाते. वरून सिमेंटचा गिलावा दिला की ओल आतच कोंडते, क्षार फुगतात, विटेचे पापुद्रे सुटतात. विरलेल्या धोतराला कोऱ्या मांजरपाटाचे ठिगळ लावले तर ठिगळ टिकते, धोतर फाटते, तसेच हे. चुन्याचे काम सबुरीचे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, वाळू घालून घाणीत मळायची. पूर्वी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गरही घालीत.

हे जाणणारे वृद्ध मिस्त्री अजून आहेत, पण ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर. आमच्या परिचयातल्या एका मिस्त्रींनी जुन्या भिंतीला सिमेंट नको म्हटले, तर दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर बोलावलेच नाही. टेंडरला नोंदणी लागते, मागच्या कामांचे दाखले लागतात, अनामत लागते. कसब हातात आहे, कागद नाही!

तेव्हा चार-पाच कारागिरांनी मिळून भागीदारी नोंदवावी, पॅन आणि जीएसटी घ्यावा, लहानसहान कामाचेही फोटो व दाखला जपावा. पोरांना निदान एक हंगाम घाणीवर बसवावे. राहिली अनामत. ती आम्ही कापडवाल्यांनी मिळून बिनव्याजी उभी करावी, असे आमचे मत आहे, आणि आमचा वाटा घालायला आम्ही तयार आहोत.